लेबलखाली लेबल: मॅग्नेशियम क्लोराईड घेताना माझी झालेली फसवणूक

गेल्या पावसाळ्यात सलग सहा आठवडे माझी पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया) फसत होती. त्या प्रती जेलवर तपासतात, आणि माझ्या जेलवर एकही बँड, म्हणजे प्रती तयार झाल्याची पट्टी, आला नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे हमखास चालणारा नमुना, तोसुद्धा कोरा. प्रायमर (प्रत कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) नवे मागवले, डीएनए पुन्हा काढला, मशीन तपासून घेतलं. दोष निघाला मॅग्नेशियम क्लोराईडच्या बाटलीत.

प्रती काढणारं टॅक एन्झाइम आमच्या लॅबमध्येच तयार होतं, त्यामुळे त्याला लागणाऱ्या मॅग्नेशियमचा स्टॉकही (तीव्र द्रावण) आम्हीच करतो. नेहमीच्या डीलरकडे माल नव्हता. दुसऱ्याने ‘निर्जल, मोलेक्युलर बायोलॉजी ग्रेड’ म्हणून जास्त भावाची बाटली दिली. लेबलवर रेणुभार 95.21, मी तोच धरून वजन केलं. मीठ झटकन विरघळलं आणि बीकर हाताला गारच लागलं. मी तिथेच थांबायला हवं होतं. निर्जल मीठ पाण्यात पडलं की बीकर चांगलंच तापतं.

शेवटी लॅबच्या मॅडमनी जुन्या स्टॉकची उरलेली ट्यूब फ्रीझरमधून काढून दिली. त्याच संध्याकाळी बँड आला, अगदी ठसठशीत. मग बाटली उजेडात धरली. लेबलचा कोपरा ओल्या बोटाने सुटला आणि खाली दुसरं लेबल दिसलं: हेक्झाहायड्रेट (दर रेणूमागे पाण्याचे सहा रेणू धरलेलं तेच मीठ), 203.30. म्हणजे वजनातला बराच भाग पाण्याचा, आणि माझा स्टॉक निम्म्याहून कमी तीव्रतेचा. 1.5 मिलिमोलरच्या जागी जेमतेम 0.7 पडत होतं. चारही डीएनटीपी (प्रती जोडायला लागणारे डीएनएचे सुटे घटक) प्रत्येकी 0.2, एकूण 0.8, तेच मॅग्नेशियम बांधून घेतात. टॅकच्या वाट्याला जवळजवळ काही उरतच नव्हतं.

डीलर मला म्हणाला, “मॅडम, हवेतलं पाणी ओढलं असेल.” हे मीठ पाणी ओढतं हे खरं, पण लेबलावर लेबल हवा चिकटवत नाही! सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर उत्पादक कंपनीला कळवला. तो त्यांचा नव्हताच. त्यानंतर डीलरने फोन उचलला नाही. पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा बॅच नंबर बाटली उघडण्याआधीच कंपनीकडून पडताळून घ्या, आणि लेबलाच्या कडांवरून नख फिरवून बघा. हेक्झाहायड्रेट मिळालं तर 203.30 धरून बिनधास्त वापरता येतं, फक्त ते तेच आहे हे माहीत हवं. ओव्हनमध्ये तापवून निर्जल करायला मात्र जाऊ नका. तापवताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि शुद्ध मीठ हाती लागत नाही.

माझे नमुने पश्चिम घाटातल्या बेडकांचे, बोटाच्या टोकाएवढ्या ऊतीचे. त्यांपैकी तिघांचा डीएनए या सहा आठवड्यांत संपला. ते बेडूक आता पुढच्या पावसातच दिसतील.