इस्टर: शनिवारची रात्र की रविवारची सकाळ?

वसईकडच्या आमच्यासारख्या कॅथलिक घरांत इस्टरआधीचा पवित्र सप्ताह जवळ आला की हा प्रश्न निघतोच: इस्टरची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) शनिवारी रात्रीची करायची की रविवारी सकाळची? रात्रीच्या मिस्सेनेही रविवारी मिस्सेला जाण्याचं कर्तव्य पूर्ण होतं, त्यामुळे नियमाची अडचण नाही. घरच्या सोयीचं आणि आपल्या मनाचं काय, एवढंच ठरवायचं असतं.

सोय म्हणाल तर सकाळच. तास-सव्वा तासात आटोपतं, मुलं ताजीतवानी असतात, म्हाताऱ्या माणसांना रात्री बाहेर काढावं लागत नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली रिकामी कबर आणि तिच्याकडे धावत सुटलेले पेत्र व दुसरा शिष्य, हे सकाळी ऐकायला फार छान वाटतं.

मला नडलं ते दुपारचं जेवण. सगळं गोत आमच्याकडे जमतं. प्रवचन चालू असताना खिशातला फोन थरथरतो, 'निघालात का?' शेजारी बायको कुजबुजते, 'गॅस बंद केला होता ना?' ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर परततानाच नजर दाराकडे जाते. चाळीस दिवस उपवासकाळ पाळायचा आणि ज्या सणासाठी पाळला त्याची मिस्सा घड्याळ बघत काढायची, हे मला काही केल्या पटेना.

शनिवारी रात्री हे होत नाही, कारण नंतर घरी जाऊन झोपण्याखेरीज काही उरलेलं नसतं. चर्चबाहेर अंधारात अग्नी पेटतो. पास्काच्या, म्हणजे इस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा-ओमेगा ही ग्रीक वर्णमालेतली पहिली-शेवटची अक्षरं आणि त्या वर्षाचे चार आकडे कोरतात, धुपाचे पाच खडे बसवतात. मग एकाच्या ज्योतीवरून दुसऱ्याची, असं करत सगळं चर्च उजळतं. मेण हातावर ओघळू नये म्हणून मुलं कागदाची चकती धरून इतकी जपून उभी राहतात की त्यांना गप्प बसा म्हणावं लागत नाही. जुन्या करारातली वाचनं सातपर्यंत असतात. काही गाळली तरी तांबडा समुद्र ओलांडल्याचं वाचन गाळत नाहीत. ग्लोरियाला, म्हणजे देवाच्या गौरवाच्या गीताला, गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा वाजतात, तेव्हा आमची आई हमखास डोळे पुसते.

अर्थात दोन-अडीच तास लागतात. अगदी लहान मुलं तिसऱ्या वाचनापर्यंत मांडीवर झोपतात. घरी तान्हं मूल किंवा अंथरुणावरचं माणूस असेल तर सकाळच बरी, तिथे माझा आग्रह नाही. निम्म्यांनी रात्री, निम्म्यांनी सकाळी हाही मार्ग काहींना जमतो. मला मात्र सगळे एकत्र असलेलेच आवडतात.

स्वयंपाकाची काळजी असेल तर इंद्याल (आमच्याकडचं मांसाचं मसालेदार कालवण) शनिवारी दुपारीच करून ठेवा, मुरल्यावर ते जास्तच चांगलं लागतं. आणि पाहुण्यांना एक वाजताची वेळ द्या, म्हणजे रविवारी सकाळी उशिरा उठलात तरी चालेल.