द्वारकानाथ ठाकुरांवरचं फिरतं प्रदर्शन : मागवा, पण सातवा फलक बदलून घ्या

वणी तालुक्यातल्या शाळांना द्वारकानाथ ठाकुरांवरचं, म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा असलेल्या कलकत्त्याच्या उद्योजकावरचं, प्रदर्शन भाड्याने मिळतं. तीन बाय दोन फुटांचे अठरा फ्लेक्स, सुतळी आणि कोळशाच्या नमुन्यांची पेटी. नववी-दहावीच्या वर्गांसाठी जरूर मागवा.

सातव्या फलकात मात्र मोठी चूक आहे. बंगालमधल्या राणीगंजचा कोळसा आगगाडीने कलकत्त्याला निघालेला दाखवलाय. द्वारकानाथांनी तिथली खाण विकत घेतली १८३६ मध्ये, ते वारले १८४६ मध्ये आणि राणीगंजला रेल्वे पोचली १८५५ मध्ये! त्यांचा माल दामोदर नदीतून नावांनी जायचा, तोही पावसाळ्यात नदी भरली तरच. एरवी काठावर ढीग लागायचे. मजुरी आज मोजायची आणि पैसा पावसाळ्यानंतर, हे त्या धंद्याचं खरं दुखणं. शेजारी गिलमोर-होमफ्रे कंपनीच्या खाणी, त्यांच्याशी चुरस. शेवटी १८४३ मध्ये दोघांचं एकत्रीकरण होऊन बेंगॉल कोल कंपनी उभी राहिली. हे सगळं फलकावर दोन ओळींत उरकलंय.

उकणी, नीलजईच्या कोळसा खाणींकडच्या पोरांना तर हे लगेच उमजेल. उन्हाळ्यात कोळशाच्या ढिगातून धूर निघताना त्यांनी पाहिलेला असतो. चुरा हवेतला प्राणवायू घेतो, आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते, म्हणून ढीग आतून तापतो. माल महिनोन्महिने काठावर पडून राहणं म्हणजे काय, हे इथूनच समजावता येतं.

अकरा ते चौदा हे दानाचे फलक फार सुंदर झालेत. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजला बक्षिसांसाठी तीन वर्षं दरसाल २००० रुपये. १८४५ मध्ये वैद्यकी शिकायला विलायतेला गेलेल्या चार विद्यार्थ्यांपैकी दोघांचा खर्च त्यांचा. पण त्यांच्याच कार-टागोर या व्यापारी कंपनीच्या जहाजांतून चीनला अफू जायची, याचा कुठे उल्लेख नाही. दानाचा पैसा आला कुठून, हे मुलं विचारणारच. गुरुजींनी उत्तर तयार ठेवावं.

नमुन्यांच्या पेटीला वेगळी काळजी लागते. आपल्या वर्धा खोऱ्याच्या कोळशात ओलावा जास्त. उघडा राहिला की वाळतो, तडकतो. पेटीतला खडा बोटाने दाबला की कडेचे पापुद्रे सुटतात, राणीगंजचा तसाच टणक राहतो. हा फरक मुलांच्या हाताला कळू द्या, पण नंतर आपला खडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर पुढच्या शाळेला नुसती भुकटी मिळेल.

फ्लेक्स चकचकीत आहेत, खिडकीसमोर टांगले तर अक्षरं दिसत नाहीत. वरच्या कड्या वाऱ्याने फाटतात. खालच्या दोन्ही कोपऱ्यांनाही सुतळी बांधा. शेवटच्या फलकावर कार-टागोर कंपनी १८४८ मध्ये बुडाल्याचं छापलंय, ते साल बरोबर आहे.