‘प्रोने घातलेले’ रग्बी बूट विकत घेताय? आधी तळ बघा

आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंनी सामन्यात घातलेले बूट म्हणून भलतंच काहीतरी गळ्यात मारण्याचा धंदा सध्या इंग्लंडमध्ये चालू आहे. आम्हाला दीडशे पौंडांचा चुना लागला. आम्ही राहतो लेस्टरला. इथे लेस्टर टायगर्स या रग्बी क्लबमुळे घराघरात रग्बी, त्यामुळे असल्या मालाला गिऱ्हाईकही भरपूर.

मुलगा शाळेच्या संघात प्रॉप आहे, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत. (स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांत गुंतून समोरच्यांना रेटतात तो प्रकार.) त्याला बूट खेळायला हवे होते, कपाटात मांडायला नव्हे. विक्रेता बोलायला गोड. त्याने आधी मापं विचारली, नऊ नंबर म्हटल्यावर ‘थांबा, बघतो’ म्हणाला आणि तासाभरात नेमका नऊ नंबरचा आंतरराष्ट्रीय प्रॉप हजर! आधी पायाचं माप आणि मग खेळाडूचं नाव, असा क्रम दिसला की समजा, पाणी मुरतंय.

फोटो सगळे बाजूने आणि वरून काढलेले होते. तळाचा एकही नाही. खरी गोम तिथेच आहे, कारण रग्बीत कोण कुठे खेळतो ते बुटाच्या तळावरून बरंचसं कळतं. प्रॉप, हुकर आणि लॉक यांना स्क्रममध्ये चिखलात पाय रोवून समोरच्या आठ जणांचा रेटा परतवायचा असतो. म्हणून त्यांच्या बुटांना सहसा आठ स्टड, म्हणजे तळाचे खुंट, असतात, पुढे सहा आणि टाचेला दोन, बहुतेकदा अॅल्युमिनियमचे, पिळून बसवायचे. वरचा भाग रुंद आणि दणकट. विंगर, फुलबॅक यांचं काम धावण्याचं, त्यांना हलका बूट लागतो. त्यातले बरेच जण सहा स्टडचे किंवा साच्यातल्या प्लॅस्टिक स्टडचे बूट घालतात, जवळजवळ फुटबॉलचेच. फ्लाय-हाफला किक मारायची असते, म्हणून तो चवड्यावर चेंडूला पकड देणारा बूट बघतो. जॉनी विल्किन्सन आणि डॅन कार्टर हे नामांकित फ्लाय-हाफ, दोघेही आदिदासचे प्रेडेटर घालायचे, आणि मुळात ती मालिका फुटबॉलसाठी काढलेली.

पार्सल उघडलं तर आत सहा स्टडचे, अरुंद, फुटबॉलचे बूट. सोबत चकचकीत होलोग्राम लावलेलं ‘प्रमाणपत्र’. त्यावर सही होती, पण कुठला सामना, कुठली तारीख, काही नाही. चवड्यावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेने, एकसारख्या अंतरावर. सँडपेपरचं काम! सामन्यातले ओरखडे वेडेवाकडे असतात. खरा माल विकणारे त्या ओरखड्यांशी जुळणारे सामन्याचे फोटो दाखवतात.

त्याहून वाईट म्हणजे स्टड. स्वस्तातले नवे स्टड कानशीने घासून जुने केलेले, कडेला बोटाला लागेल अशी धार. सामन्याआधी रेफ्रीने तळावरून हात फिरवला आणि हे बूट घालून मैदानात उतरायचं नाही, असं सांगून टाकलं. बरोबरच केलं. स्टडला धार नको आणि लांबी २१ मिलिमीटरच्या वर नको, हा वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही संघांची झोंबाझोंबी चालते तेव्हा, एखाद्याच्या कानावर असा पाय पडला असता तर? मुलगा त्या दिवशी मित्राचे बूट घालून खेळला.

पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने आधी ‘खेळाडूची वैयक्तिक पसंती’ अशी सबब सांगितली, मग उत्तरंच बंद. पैसे ऑनलाइन पाठवताना ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, फी वाचेल, असा आग्रह त्याने आधीच धरला होता. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शंभर पौंडांच्या वरची वस्तू दुकानदाराकडून थेट क्रेडिट कार्डावर घेतली, तर ब्रिटनच्या कायद्याने कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. असा विक्रेता नेमकं कार्डच टाळतो.

मुंबई-पुण्याच्या मंडळींनाही सांगतो. २०२५ मध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हापासून भाचेमंडळी इंग्लंडहून ‘प्रोचे बूट’ पाठवा म्हणून मागे लागतात. ती स्पर्धा सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची, धावपळीची. त्यात कोरड्या, टणक मैदानावर आठ धातूचे स्टड म्हणजे घोट्याच्या दुखापतीला आमंत्रण. तिथे साच्यातले स्टडच बरे, आणि ते साध्या खेळाच्या दुकानातही मिळतात.

परवा त्याच बुटांचे तेच फोटो पुन्हा दिसले. खातं वेगळं, किंमत थोडी जास्त. यावेळी ते एका फ्लाय-हाफचे आहेत, आणि ‘तुमचा नंबर कळवा’ असं खाली लिहिलंय.