लाभांशाचे शेअर की मुदत ठेव: कर भरून हातात काय उरते?

कोल्हापूरकराला लाभांश हा शब्द नवा नाही. पतसंस्थेच्या अहवालात दहा टक्के लाभांश छापून आला की शंभराच्या भागावर दहा रुपये मिळणार, हे सभासदाला समजावून सांगावे लागत नाही. शेअर बाजारात मात्र हीच सवय फसवते. कंपनीने 500 टक्के लाभांश जाहीर केला तरी ती टक्केवारी दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरच्या बाजारभावावर नव्हे तर त्याच्या मूळ नोंदलेल्या किमतीवर असते. ती किंमत 2 रुपये असेल तर हाती 10 रुपये येतात आणि शेअर 500 रुपयांना घेतलेला असेल तर उत्पन्न अवघे 2 टक्के पडते. ठेवीच्या व्याजाशी तुलना करायची ती या 2 टक्क्यांची. शिवाय व्याज ठरलेले असते, लाभांश देण्याचे बंधन कंपनीवर नसते. ठेवीची मुद्दल वाढत नाही, शेअरची किंमत वाढू शकते आणि घटूही शकते.

करात मोठा फरक नाही. 1 एप्रिल 2020 पासून लाभांश व्याजाप्रमाणेच आपल्या उत्पन्नात मिळवून टप्प्यानुसार कर लागतो. जुन्या करप्रणालीतील ज्येष्ठांना व्याजावर 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, लाभांशावर नाही.

खरी गफलत उद्गम करकपातीत (टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून घेतलेला कर) होते. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये एका कंपनीचा लाभांश 10,000 रुपयांवर गेला की 10 टक्के कापले जातात. उद्यमनगरातील एखाद्या कारखानदाराला 50,000 रुपये लाभांश मिळाला, तर पासबुकात 45,000 रुपयांची नोंद दिसते आणि कर भरून झाला असे वाटते. तो 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह कर 15,600 रुपये होतो, म्हणजे आणखी 10,600 रुपये स्वतः भरायचे असतात. अशा माणसाने लाभांशामागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी वाढीचे, म्हणजे लाभांशापेक्षा किंमतवाढीसाठी घेतलेले, सूचीबद्ध (बाजारात नोंदलेले) शेअर वर्षाहून अधिक ठेवून विकल्यास वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के आहे.

राजारामपुरीतील निवृत्त शिक्षकाचे गणित उलट आहे. नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे लाभांशावर कर उरत नाही. शेअरविक्रीच्या नफ्यावरील करास ही सवलत लागू नाही. वय साठ पूर्ण असेल तर त्यांनी कर कापू नये असा स्वघोषणेचा अर्ज (आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये 15एच) लाभांशाच्या आधीच कंपनीकडे द्यावा, म्हणजे कापलेली रक्कम परत मिळण्याची वाट पाहावी लागणार नाही.