ॲपल टूच्या जुन्या डिस्क वाचवून देतो म्हणाला आणि मला चुना लावून गेला

कोणाकडे जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपी पडून असतील तर हे वाचा, जरा लांब झालंय.

मी न्यू जर्सीत असतो. शेजारचे आजोबा वारले, त्यांच्या मुलीने गराज रिकामं करताना ॲपल टूच्या (ॲपलचा जुना घरगुती कॉम्प्युटर) २२ ओरिजिनल गेम डिस्क मला दिल्या, माझं हे खूळ तिला माहितीये. तिचं एकच म्हणणं होतं, १९८४ साली ती शाळेत असताना जो गेम खेळायची त्यातली तिची टीम त्याच डिस्कवर सेव्ह केलेली आहे, ती लॅपटॉपवर बघता येईल का.

आता साधी डिस्क म्हणजे ३५ ट्रॅक (गोल पट्टे), ट्रॅकला १६ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे), सेक्टरला २५६ बाइट, एकूण १,४३,३६० बाइट, डीएसके फाइल, म्हणजे डिस्कवरच्या डेटाची साधी नक्कल, बरोबर एवढीच असते. पण कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या सेक्टरच्या सुरुवातीच्या खुणा बदलायच्या, दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत डेटा लिहायच्या, काय वाट्टेल ते करायच्या. ते सगळं डीएसकेमध्ये बसत नाही. त्याला ॲपलसॉससारखं फ्लक्स (डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे) वाचणारं हार्डवेअर लागतं आणि मग वॉझ फाइल बनते (वॉझ म्हणजे आपला ॲपलवाला स्टीव्ह वॉझनियाकच, ॲपल टूचा डिस्क टू ड्राइव्ह त्याचीच करामत). माझ्याकडे हार्डवेअर नव्हतं. ऑनलाइन एक जण भेटला, डिस्कला १२ डॉलर, बोलायला इतका जाणकार की मी सगळे पैसे आधीच दिले, तेही मित्राला पाठवतात तसे, म्हणजे परत मागायची सोयच नाही. ही माझी अक्कल.

दोन महिन्यांनी २२ वॉझ फाइल आल्या आणि डिस्क मात्र १९. तीन डिस्कना बुरशी होती, रीड करून फेकून दिल्या म्हणे. अरे, बुरशी साफ करता येते, आणि फेकायला तुझ्या होत्या का?

ॲपलविनमध्ये (लॅपटॉपवर ॲपल टूची नक्कल करणारा प्रोग्रॅम) तिचा गेम मस्त चालू झाला, पण टीमची यादी कोरी. मला वाटलं सेव्ह उडालं असेल. मग दुसरा गेम लावला तर सुरुवातीलाच कुठल्यातरी क्रॅकरचं (कॉपी प्रोटेक्शन तोडणाऱ्याचं) नाव झळकलं, ओरिजिनल डिस्कवर ते येणारच कुठून! मग डॉस ३.३ ची (ॲपल टूची ऑपरेटिंग सिस्टिम) सिस्टिम मास्टर डिस्क लावून त्यातला कॉपीए हा साध्या डिस्क कॉपी करणारा प्रोग्रॅम चालवला. प्रोटेक्शनवाली डिस्क असेल तर तिथे आय/ओ एरर यायला पाहिजे. इथे एकामागून एक २२ च्या २२ सुरळीत कॉपी झाल्या. म्हणजे पठ्ठ्याने नेटवरचे क्रॅक केलेले डीएसके उचलले आणि वॉझमध्ये कन्व्हर्ट करून दिले, मिनिटभराचं काम. माझ्या डिस्क त्याने ड्राइव्हमध्ये तरी घातल्या का देव जाणे. विचारलं तर ब्लॉक.

तुम्हाला द्यायच्याच असतील तर आधी एकच डिस्क पाठवा, जिच्यावरचा हायस्कोर तुम्हाला पाठ आहे अशी, आणि वॉझसोबत कच्ची ए२आर फ्लक्स फाइल (डिस्क वाचताना हार्डवेअरने नोंदवलेली) मागा, तिथेच अशा लोकांची बोबडी वळते. आणि हो, डिस्क परत हवी, बुरशीसकट, हे आधीच लिहून घ्या.

आता हार्डवेअर मीच घेतलंय, १९ पैकी ६ नीट रीड झाल्यात. टीमवाली डिस्क त्या तीनमध्येच होती. आजोबांची मुलगी परवा दिसली तर विचारत होती, झालं का म्हणून, मी म्हटलं अजून चालू आहे.