घोड्याचे ऐकायला शिकवणारी सकाळ
पुण्याबाहेरच्या एका अश्वारोहण शाळेतील तीन तासांच्या परिचय-सत्राला मी मुलीसह गेलो होतो. रपेटीआधीचा जवळजवळ अर्धा वेळ केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवलेला आहे, आणि तेच या सत्राचे खरे बळ आहे. तोबरा (दाण्याची पिशवी) घेऊन येणारा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, दिसताच घोड्याने बंद तोंडाने काढलेली खालच्या पट्टीतली घरघर आणि जोडीदाराला बाहेर नेल्यावर त्याने दिलेली लांब खिंकाळी यांतला फरक प्रत्यक्ष ऐकल्यावरच उमगतो. एकाच खिंकाळीत दोन स्वतंत्र मूळ स्वर असतात, त्यांपैकी एक उत्तेजनेची तीव्रता सांगतो आणि दुसरा भावना सुखद आहे की क्लेशदायक हे सुचवतो, असे झुरिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले होते. प्रशिक्षकांनी त्याचा आलेख पडद्यावर नीट समजावला, मात्र ध्वनिक्षेपक इतका सुमार होता की वरचा स्वर आम्हाला वेगळा ऐकूच आला नाही. कानांच्या हालचालींना, ज्या माझ्या मते आवाजाहून अधिक बोलक्या असतात, जेमतेम दहा मिनिटे मिळाली. ती उणीव मोतद्दारांनी भरून काढली. शुल्क थोडे जास्त वाटले; केवळ रपेटीसाठी जाणाऱ्यांनी दुसरी जागा शोधावी.