सात जणांच्या टपालातून दिसणारी सरहद्द : 'फाउंडर्स ऑनलाइन'चं परीक्षण

ओहायो नदीपलीकडची जमीन कशी मोजली, कोणाला विकली आणि कोणाकडून काढून घेतली, हे मूळ पत्रांतून वाचायचं असेल तर सुरुवात 'फाउंडर्स ऑनलाइन'पासून करावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेबरोबर २०१३ साली हे संकेतस्थळ सुरू केलं. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि मागाहून दाखल झालेले जॉन जे, अशा अमेरिकेच्या संस्थापकांमधल्या सात जणांचे १,८०,०००हून जास्त कागद त्यावर आहेत. नोंदणी नाही, शुल्क नाही. आपल्याकडे पेशवे दफ्तरात शिरायचं तर आधी मोडी शिकावी लागते. इथे अठराव्या शतकातलं अक्षर संपादकांनी आधीच लावून ठेवलं आहे.

या संकेतस्थळाची खरी ताकद एकेका पत्रात नाही, दोन पत्रं शेजारी ठेवण्यात आहे. उदाहरणार्थ, जेफरसन हा लेखक निवडा, १८०३चा फेब्रुवारी महिना घ्या आणि निकाल तारखेने लावा. १८ फेब्रुवारीला त्यांनी दक्षिणेकडच्या टोळ्यांसाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी बेंजामिन हॉकिन्स यांना लिहिलेलं पत्र दिसेल. मूळनिवासींनी शिकार सोडून शेती करावी, जास्तीची जमीन विकावी, मग दोन्ही समाज एक होतील, असा त्याचा मवाळ सूर. मग २७ फेब्रुवारीचं, इंडियाना प्रांताचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांना लिहिलेलं पत्र उघडा. इथे जेफरसन सरकारी व्यापारी ठाणी वाढवायला सांगतात. टोळ्यांतली वजनदार माणसं त्या ठाण्यांच्या कर्जात बुडाली तर आपल्याला आनंदच आहे, कारण कर्ज फिटेनासं झालं की ती जमीन देऊन मोकळी होतात, असं ते लिहितात. पत्र खासगी आहे हेही बजावतात. सावकारी पाश म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. दोन पत्रांत अंतर फक्त नऊ दिवसांचं, आणि ते कळतं निकाल तारखेने लावल्यामुळे. शब्दाच्या जवळिकीने लावलेल्या यादीत ही जोडी सहज निसटते.

शोधाची पद्धत साधी, पण क्रम महत्त्वाचा. आधी लेखक, मग पत्र ज्याला लिहिलं तो, मग कालखंड, आणि शब्द सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट करतात आणि 'लँड' किंवा 'इंडियन' टाकून हजारो निकालांत अडकतात. नावं पूर्ण निवडावीत. नुसतं हॅरिसन म्हटलं तर इंडियानाच्या गव्हर्नरांबरोबर त्यांचे वडील, व्हर्जिनियाचे गव्हर्नर बेंजामिन हॅरिसनही येतात. अर्थात त्यांनाही एकदा भेटावंच. १० ऑक्टोबर १७८४ रोजी वॉशिंग्टननी त्यांना लिहिलं की पश्चिमेचे वसाहतवाले जणू एका खुंटीवर उभे आहेत, पिसाच्या स्पर्शानेही कुठल्याही बाजूला झुकतील. स्पेन आणि ब्रिटन दोघंही शेजारी होते, म्हणून पूर्वेकडून नद्या आणि रस्ते जोडण्याची वॉशिंग्टनना घाई होती.

शब्दांच्या शोधात सगळ्यात जास्त दगा देतं ते स्पेलिंग. संपादकांनी मूळ स्पेलिंग तसंच ठेवलं आहे, ते बरोबरच. पण त्यामुळे वाबाश नदी फ्रेंच वळणाने 'ओ'पासूनही सुरू होते, केंटकीच्या शेवटी कधी नुसता 'ई' असतो, अ‍ॅलेगेनीची तीन-चार रूपं आढळतात आणि शॉनी ही मूळनिवासी टोळी शावनीज किंवा शावानोज होऊन येते. प्रत्येक रूप वेगळं टाकून पाहावं. पत्रातलं 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना आणि 'अल्टिमो' म्हणजे मागचा. हे विसरलं की लढाईची बातमी लढाईच्या आधीच पोचते.

तळटिपा मात्र चुकवू नयेत. हे कागद छापील चिकित्सक आवृत्त्यांमधून आलेले आहेत, त्यामुळे पत्राखाली ते कुठल्या प्रतीवरून घेतलं याची नोंद असते : 'आरसी' म्हणजे ज्याला पोचलं त्याच्याकडची प्रत, 'पीआरसी' म्हणजे दाबयंत्रावर ओल्या पातळ कागदावर उतरवलेली. या दुसऱ्या प्रकारात शाई फुटते, म्हणून तिथे चौकटी कंसात भरलेले शब्द जपून वाचावेत. जेफरसनच्या पत्रांखाली 'एसजेएल' दिसेल. ती त्यांनी स्वतः ठेवलेली आवक-जावक वही. पत्र त्यांच्या हाती कधी पडलं ते तिच्यातून कळतं, आणि सरहद्दीच्या राजकारणात तेच मोलाचं, कारण निर्णय बातमीवर होत आणि बातमी आठवडेच्या आठवडे वाटेत असे.

आता उणिवा. काही कागदांवर 'अर्ली अ‍ॅक्सेस' असा इशारा असतो. ते अंतिम तपासलेले नाहीत, त्यातला शब्द जसाच्या तसा उद्धृत करू नये. मूळ हस्तलिखिताचं छायाचित्र इथे नाही. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्या कागदांचं ते काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

मोठी उणीव रचनेतलीच आहे. हे सात जणांचं टपाल आहे. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वाबाशच्या काठी मूळनिवासींनी अमेरिकी सेनापती सेंट क्लेअर यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, ६००हून जास्त सैनिक पडले. सेंट क्लेअरनी त्याचा अहवाल ९ नोव्हेंबरला लिहिला तो युद्धमंत्री नॉक्सना, आणि नॉक्स या सातांत नाहीत. १२ डिसेंबरचा वॉशिंग्टन यांचा काँग्रेसला दिलेला छोटा संदेश इथे मिळतो. पण अहवाल पाहायचा तर 'अमेरिकन स्टेट पेपर्स' या सरकारी कागदांच्या छापील संग्रहातला इंडियन अफेअर्सचा पहिला खंड गाठावा लागतो. तोही काँग्रेस ग्रंथालयाकडे फुकट आहे, फक्त पानांची चित्रं आहेत, म्हणून सूचीवरून शोधावं. खुद्द युद्धखात्याचं दफ्तर ८ नोव्हेंबर १८००च्या रात्री जळालं. इतरत्र उरलेल्या प्रती गोळा करून 'पेपर्स ऑफ द वॉर डिपार्टमेंट' हा वेगळा संग्रह उभा केला आहे. किल्ल्यांची रसद, करार, मुखियांना दिलेल्या भेटी यांसाठी तोच उघडावा.

मूळनिवासींचा आवाज इथे येतो, पण दुभाषाच्या हातून. १ डिसेंबर १७९० रोजी कॉर्नप्लांटर आणि इतर सेनेका मुखियांनी वॉशिंग्टनपुढे मांडलेलं निवेदन तरीही वाचाच. तुमचं नाव आमच्यात 'गावं उजाडणारा' आहे, असं ते राष्ट्राध्यक्षांना तोंडावर सांगतात.

पत्रांतली जमीन नकाशावर शोधायची तर अमेरिकी केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन विभागाचं 'जीएलओ रेकॉर्ड्स' (जीएलओ म्हणजे जनरल लँड ऑफिस) हे संकेतस्थळ जोडीला हवं. १७८८पासूनची ५० लाखांहून जास्त मालकीपत्रं तिथे नाव, परगणा किंवा सेक्शनवरून निघतात. मोजणीचं कोष्टक आपल्या ओळखीचं आहे. त्यांची साखळी ६६ फुटांची, १० चौरस साखळ्यांचा एकर. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजे अर्ध्या साखळीचा. म्हणूनच एकराचे ४० गुंठे. १७८५च्या कायद्याने टाउनशिप, म्हणजे मोजणीचा मोठा चौकोन, ६ मैल बाजूची, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर, १६वा शाळेसाठी राखीव.

इथे हमखास होणारी चूक : १७८५च्या पद्धतीत सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून उत्तरेकडे चढतात, तर १७९६पासून ते ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेकडे जातात आणि पुढच्या ओळीत उलटे फिरतात. ओहायोच्या 'सेव्हन रेंजेस' या सगळ्यात आधी मोजलेल्या पट्ट्यात जुनी पद्धत आहे. नवा तक्ता लावला तर शेत भलत्याच ठिकाणी पडतं. मालकीपत्र हा शेवटचा कागद असतो. अर्ज आणि पैसे भरल्याच्या पावत्या असलेली फाईल राष्ट्रीय अभिलेखागाराकडून ८४ क्रमांकाच्या फॉर्मवर मागवावी लागते.

केंटकी आणि टेनेसी 'जीएलओ'मध्ये शोधत बसू नये. तिथली जमीन केंद्राने कधी वाटलीच नाही. केंटकीत व्हर्जिनियाचे जमीनपट्टे चालले, मोजणी झाडाखुणांवरून झाली, एका रानावर तीन-तीन दावे बसले. त्यांचे कागद केंटकी राज्याच्या जमीन कार्यालयाकडे आहेत. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी १८१६ साली केंटकी सोडून इंडियाना गाठलं. लिंकननी स्वतः त्याचं मुख्य कारण जमिनीच्या मालकीची कटकट असंच नोंदवलं आहे.